नऊ रात्रींत आठ गावं? आधी यादीला कात्री लावा

मधुचंद्राच्या सहलीबद्दलची तुमची पोस्ट आणि त्यातली यादी दोनदा वाचली. 24 फेब्रुवारीला लग्न, 26 च्या रात्री मुंबईहून विमान, नऊ रात्री व्हिएतनाम. त्यात हनोई, सापा, हा लाँग, ह्वे, दा नांग, होई आन, सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) आणि फु क्वॉक. होणारी बायको पूर्ण शाकाहारी, तुम्ही अंड्यापर्यंत. आणि शेवटी प्रश्न असा की ‘यात मेकाँगची एक दिवसाची सहल कुठे बसवता येईल?’ मेकाँगचं राहू द्या, यात झोप कुठे बसवणार ते आधी सांगा.

चिडवत नाहीये. 2019 च्या मार्चमध्ये आम्ही दोघांनी अगदी अशीच यादी घेऊन हा देश पाहिला. दहा दिवसांत सात गावं. परत आल्यावर फोटो बघताना कुठला फोटो कुठल्या गावचा यावरून वाद झाले. 2024 मध्ये सासूसासऱ्यांना घेऊन पुन्हा गेलो तेव्हा तीनच गावं केली, आणि बायको आजही मधुचंद्र म्हणून दुसऱ्याच खेपेच्या आठवणी सांगते. सासूबाई बरोबर असताना!

तर पहिली गोष्ट म्हणजे दिवस मोजू नका, रात्री मोजा. तुमच्या नऊ रात्रींतली पहिली विमानातच जाणार. मुंबईहून मध्यरात्री निघालात की पाचेक तासांत हनोई येतं, घड्याळ दीड तास पुढे सरकतं, म्हणजे सकाळी सहा-सातला तुम्ही बॅगा घेऊन हॉटेलच्या दारात. खोली मिळणार दुपारी दोनला. उरल्या आठ रात्री, त्यात आठ गावं. गाव बदलायचा दिवस म्हणजे उठा, बॅगा भरा, खोली सोडा, विमानतळ गाठा, उतरा, टॅक्सी शोधा, नवीन खोलीची वाट बघा. विमान सव्वा तासाचं असलं तरी दिवसातले सहा-सात तास गेलेच. नकाशावर हा देश चिंचोळा दिसतो म्हणून फसायला होतं. हनोई ते सायगॉन रेल्वेनं 1,726 किलोमीटर आहे. पुण्याहून दिल्लीला जाऊनही अंतर उरेल.

दुसरं असं, की लग्न तुमचंच आहे. 24 ला लग्न, 25 ला सत्यनारायण, आणि 26 ला सकाळी कुणीतरी म्हणणारच की जाताजाता जेजुरी करून घ्या. त्याच रात्री एक्सप्रेसवेवरून मुंबई. घाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर विमान गेलंच म्हणून समजा. विमान 27 च्या रात्रीचं करा. रजा वाढत नसेल तर एक गाव कमी करा, पण हा एक दिवस मोकळा ठेवाच. लग्नानंतर माणूस किती थकलेला असतो हे लग्न होईपर्यंत कळत नाही.

आता कात्री. 27 ला निघून परतीची तारीख तीच ठेवलीत तर हातात सात रात्री राहतात, रजा वाढली तर आठ. मी आठ धरून सांगतो.

सापा काढा. हनोईहून लाओ काईपर्यंत रात्रभराची रेल्वे, पुढे 38 किलोमीटर घाट, आणि फेब्रुवारीअखेर तिथे बहुधा धुकंच. ज्या भाताच्या पायऱ्यांचे फोटो बघून ते यादीत आलंय, ती शेतं पिवळी होतात सप्टेंबरच्या सुमारास.

फु क्वॉक हे बेट मला आवडतं, आणि त्या दिवसांत तिथला समुद्रही शांत असतो. पण ते देशाच्या पार दक्षिण टोकाला, आणि समुद्र तुम्हाला होई आनलाही मिळतोय. काढा.

ह्वे म्हणजे राजवाडे आणि समाध्या. इतिहासाची गोडी दोघांनाही असेल तरच. दा नांगहून रेल्वेनं अडीच-तीन तास, हाय व्हान घाटात रूळ समुद्राला लागून जातात आणि त्या एका तासासाठी जावंसं वाटतं. तरी मुक्काम नको, जमलं तर दिवसाची फेरी करा. दा नांगलाही मुक्काम नको, विमानतळापुरतं ठेवा. तिथून होई आन तीस किलोमीटरच आहे.

हा लाँगच्या उपसागराबद्दल मी इथे एकटा पडणार हे माहीत आहे. बोटीवरच्या रात्रीची जाहिरात मधुचंद्रासाठीच केलेली असते, आणि हवा चांगली असेल तर ती रात्र खरंच सुंदर असते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेत बारीक भुरभुर आणि दाट धुकं असतं. 2019 मध्ये आमच्या बोटीच्या गच्चीवरून शेजारची बोटही दिसत नव्हती, डोंगर तर सोडाच. शिवाय वारा वाढला की बंदरावरून सुटायची परवानगीच मिळत नाही, आणि ते कळतं आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी. म्हणून तुमच्या तारखांना मी निन्ह बिन्ह म्हणेन. हनोईच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर, तसेच चुनखडीचे सुळके, फक्त समुद्राऐवजी नदी आणि भातखाचरांतून वर आलेले. तिथल्या ताम कोकला वल्हवणाऱ्या बायका मागे रेलून चक्क पायानं वल्ही मारतात, आणि तेवढ्यात हातानं पिशवीतून विणकाम-भरतकाम काढून दाखवतात. धुकं असलं तरी तिथे बिघडत नाही, उलट बरं दिसतं.

उरलं ते असं: हनोई दोन रात्री, निन्ह बिन्ह एक, होई आन चार, सायगॉन एक. सातच रात्री हातात असतील तर निन्ह बिन्ह हनोईहून दिवसात करून या, होई आनला हात लावू नका.

हनोईत पहाटे उतरणार आहात, तेव्हा आदल्या रात्रीचेही पैसे भरून खोली घ्या. वायफळ खर्च वाटेल. पण लग्नाची दगदग आणि रात्रीचा प्रवास झाल्यावर सकाळी सातला पांढऱ्याशुभ्र चादरीवर आडवं होण्याची किंमत दोनतीन हजार रुपये असेल तर ती स्वस्त आहे. जमल्यास शुक्रवार ते रविवार हनोईत येईल असं बघा, कारण होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते तेव्हा गाड्यांना बंद करतात. अंड्याची कॉफी तुम्ही प्याच. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा एका हॉटेलच्या बारवाल्यानं दुधाऐवजी बलक फेटून घातला, तिथून ती सुरू झाली. बायकोसाठी नारळाची कॉफी मिळते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त चांगली लागते.

होई आनला चार रात्री का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. एक, तिथलं जुनं गाव पायी किंवा सायकलवर फिरायचं आहे, दिवसातला बराच वेळ गाड्या आत सोडत नाहीत. दोन, आन बांगचा किनारा सायकलवर वीसेक मिनिटांवर. आणि तीन, शिंपी.

हे जरा सविस्तर सांगतो. या गावात कपडे शिवून देणारी दुकानं शेकड्यानं आहेत आणि ‘24 तासांत तयार’ अशी पाटी सगळ्यांकडे असते. 2019 मध्ये आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून माझा कोट तसाच घाईत शिवून घेतला. त्याची डावी बाही आजही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. 2024 मध्ये बायकोनं पुण्याहून आपला नीट बसणारा एक ब्लाऊज नेला होता. दुकानातल्या बाईंनी तो घेतला, उलटा केला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि एकेका टक्सवरून अंगठा फिरवत मोजायला लागल्या. भाषा एक अक्षर कळत नव्हती. मग काखेच्या शिवणीत सोडलेली माया बघून त्यांनी बायकोकडे पाहून मान डोलावली, म्हणजे शिंपी चांगला आहे तुझा. दुसऱ्या दिवशी पहिली ट्रायल, तिसऱ्या दिवशी दुसरी, चौथ्या दिवशी हातात. दोन ट्रायल होऊ द्यायच्या तर चार रात्री लागतातच. पहिल्या संध्याकाळीच माप द्या.

महिन्यातून एकदा, त्यांच्या चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री, जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करतात आणि कंदील लावतात. म्हणजे आपली पौर्णिमा किंवा तिच्या एखादा दिवस आधी. कालनिर्णय काढा आणि तारीख जुळतेय का बघा. नाही जुळली तरी कंदील रोज असतातच, गर्दी फक्त कमी.

आईला ‘परदेशात काय देवदर्शन’ असं वाटत असेल तर होई आनहून चाळीसेक किलोमीटरवर ‘मी सन’ नावाचं ठिकाण आहे. जुन्या चंपा राज्याच्या राजांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासूनची परंपरा. राजा भद्रवर्म्यानं देवाला भद्रेश्वर नाव दिलं होतं. 1969 च्या अमेरिकन बाँबफेकीत बरंच पडलं. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं, आणि 2020 मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. पहाटे निघा, दहाच्या आत परत फिरा, ऊन फार चढतं. बा ना डोंगरावरचा तो दोन हातांनी धरलेला सोनेरी पूल मात्र मी वगळेन. जवळपास 5.8 किलोमीटरची रोपवे झकास आहे, पण वर पोचल्यावर पुलावर माणसंच माणसं. तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी जशी असतात तशी. आणि ते हात दगडाचे दिसतात, पण आहेत फायबरचे.

तिकिटं. मुंबई-हनोई जायचं आणि सायगॉन-मुंबई यायचं, अशी दोन वेगळ्या गावांची काढा. हनोईचंच रिटर्न स्वस्त दिसतं, पण परत उत्तरेला जायला अर्धा दिवस आणि एक विमान जास्त. आतल्या विमानांना सामानाची मुभा वेगळी असते. स्वस्त तिकिटात हातातले सात किलोच धरलेले असतात, बॅगेचे वजन आधीच ऑनलाइन विकत घ्या. लग्नात आलेली ती भली मोठी लाल सुटकेस घरीच ठेवा. कपड्यांत हनोईसाठी एकेक जाकीट हवं, सायगॉनला सुती कपडेही अंगाला चिकटतील.

व्हिसा ऑनलाइन, सरकारी संकेतस्थळावरूनच. एका प्रवेशाचा 25 डॉलर. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात, भरण्याआधी पत्ता नीट वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट. आणि लग्नानंतर बायकोचं नाव बदलायचं ठरलं असेल तर पासपोर्टचं काम सहलीनंतर करा. तिकीट, व्हिसा, पासपोर्ट तिन्हीवर माहेरचंच नाव राहू द्या. टेटची सुट्टी, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या मध्ये कधीतरी येतं आणि कचेऱ्या आठवडाभर बंद असतात. अर्ज त्याच्या आधीच टाका. तुम्ही पोचाल तेव्हा सगळं पुन्हा उघडलेलं असेल, हे तुमचं नशीब.

पैशाचा हिशोब असा की एका रुपयाला साधारण 300 डाँग. किमतीतली दोन शून्यं उडवा आणि तीननं भागा. 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 ची पण निळसर. हनोईत पहिल्या रात्री, अंधारात, टॅक्सीवाल्याला मी पहिलीऐवजी दुसरी दिली. सोळाशे रुपये गेले. तेव्हापासून पाच लाखांच्या नोटा बायकोच्या पर्समध्ये आणि सुट्टे माझ्या खिशात. तुम्हीही असंच करा, शिवाय ती खूश राहते. टॅक्सीसाठी ग्रॅब हे अ‍ॅप वापरलं की हा प्रश्नच येत नाही.

स्कूटर भाड्यानं सहज देतात, पण घेऊ नका. आपल्या आरटीओतून मिळतं ते परदेशात गाडी चालवायचं परमिट 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारावरचं, त्यांच्याकडे चालतं 1968 च्या करारावरचं. काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार.

शाकाहारासाठी शब्द लक्षात ठेवा: ‘चाय’. पाटीवर हा शब्द दिसला की आत जायचं, चहा नाही, शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार करतात, त्यामुळे अशी खानावळ जवळपास प्रत्येक गावात सापडते. इतर ठिकाणी ‘व्हेज’ सांगितलं तरी न्योक माम, म्हणजे माशाचा खारट सॉस, पडतोच, त्यांच्या लेखी तो मिठासारखा. ‘न्योक माम नको’ हे त्यांच्या भाषेत मोबाइलवर लिहून ठेवा. आणि मेतकुटाची एक पुडी न्या. वाफेचा साधा भात कुठेही मिळतो. निन्ह बिन्हला पावसात अडकलो होतो तेव्हा होमस्टेच्या ओसरीवर सासूबाईंनी सगळ्यांना मेतकूट-भात कालवून वाढला, घरमालकिणीनंही हात पुढे केला.

पॅकेज घ्यावं का, असंही विचारलंय. आम्ही पहिल्यांदा घेतलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत न लिहिलेली मोत्यांची, रेशमाची आणि औषधी तेलाची अशी तीन दुकानं बघून झाली, प्रत्येकी तासभर. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ घेतलेला कर, भरावा लागतो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण लग्नाच्या महिन्यात तेवढी रक्कम अडकून पडते. चार गावांचं तुमचं तुम्हाला सहज जमेल.

शेवटचा प्रश्न मात्र मी विचारतो. पोस्टमध्ये सगळीकडे ‘आम्हाला’ लिहिलंय, पण यादीचा थाट एकट्या माणसाच्या एक्सेल शीटसारखा आहे. तिला दाखवलीये का? दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन-तीन गोष्टी लिहा, एकमेकांचं न बघता. 2024 मध्ये आम्ही तसं केलं तेव्हा बायकोच्या कागदावर दुसऱ्या क्रमांकाला ‘दुपारी झोप’ होतं, आणि माझ्या कागदावर सकाळी सहाची तीन ठिकाणं. तिच्या कागदावर फु क्वॉक निघालं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, सायगॉनची रात्र आणि होई आनची एक रात्र काढून तिकडे द्या, आणि परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी सायगॉनला निदान पाच तास राहतील असं बघा. विमानांच्या वेळा ठरल्या की इथेच टाका, पैसे भरायच्या आधी एकदा नजर घालतो.