तालमीत चोळलेली पाठ आणि लेकीची नीट

प्रश्न : माझ्या आईला माकडहाडाच्या वर कॉर्डोमा, म्हणजे हाडातली कर्करोगाची गाठ, होता. दोन वर्षं सायटिका समजून उपचार झाले. ऑपरेशननंतर गाठ परत आली, आई गेली. मुलीनं मणक्याच्या अशा दुर्मीळ गाठींची सर्जन व्हायचं, असं मी ठरवलंय. नीटला दुसऱ्यांदाही ३१० गुण पडले. पुन्हा बसवू का?
– एक वडील, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गुणांचं नंतर बघू. ‘मी आईला तालमीतल्या वस्तादांकडे चोळायला नेत होतो,’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. मी तिथंच थांबले.

कॉर्डोमा वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होतो. गर्भात कणा घडताना जी मऊ दोरी असते, तिच्या मागे राहिलेल्या पेशींतून ही गाठ निघते आणि वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलानं वाढते. बसलं की कळ येते, एवढंच सुरुवातीला कळतं. त्या जागेच्या साध्या एक्स-रेत आतड्यातल्या हवेमागे ती सहज लपते, डॉक्टरांनाही चकवते. चोळल्यानं ती झाली नाही. तुमच्या मनावरचं हे ओझं खाली ठेवा, लेकीच्या डोक्यावर देऊ नका.

सर्जनचा रस्ता तुम्हाला ठाऊक असेलच : एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग एमएस ऑर्थो किंवा न्यूरोसर्जरी, त्यावर स्पाइनची फेलोशिप. दुसऱ्याच्या हट्टावर एवढी वर्षं निघत नाहीत.

‘चांगला सर्जन असता तर आई वाचली असती’ ही तुमची समजूत मात्र अर्धवट आहे. या आजारात बरंचसं पहिल्या बायोप्सीला, म्हणजे तपासायला सुईनं गाठीचा तुकडा काढतात तेव्हाच, ठरतं. सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या टीमनंच ठरवायला हवं, कारण सुईच्या वाटेत गाठीच्या पेशी सांडू शकतात आणि पुढं ती वाटही गाठीबरोबर कापून काढावी लागते. गाठ न फोडता, भोवतीच्या चांगल्या थरासकट अखंड काढायची; पण तिथल्याच नसांवर लघवी-संडासचा ताबा असतो. एमआरआय वाचणारा रेडिओलॉजिस्ट, पेशींतलं ब्रॅक्युरी प्रथिन तपासून नाव पक्कं करणारा पॅथॉलॉजिस्ट, रेडिएशन देणारे, आणि नंतर पेशंटला पुन्हा उभं करणारी माणसं, यांच्याशिवाय सर्जन एकटा काय करणार?

तीन पानांत मुलीबद्दल एकच ओळ आहे : ‘रात्री दर दोन तासांनी आजीची कूस तीच बदलायची, वॉकर धरून तिनंच चालवलं.’ अहो, हे साधं नाही! महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात. ३१० घेऊन ती चौकशी नक्की करा.

पण हे मीही परस्पर ठरवणार नाही. रंकाळ्यावर दोघंच जा, आजीचा विषय बाजूला ठेवून तिला काय करावंसं वाटतं ते विचारा. मधे बोलू नका. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. तोवर रिपीटर बॅचची फी भरू नका.