‘हिस्टॉरिक’ की ‘हिस्टॉरिकल’?

प्रश्न : शाळेच्या सहलीसाठी टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीची माहिती इंग्रजीत लिहायची आहे. १९२४चं अधिवेशन ‘हिस्टॉरिक’ म्हणायचं की ‘हिस्टॉरिकल’? आणि विहीर?

उत्तर : अधिवेशन ‘हिस्टॉरिक’च. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, डिसेंबर १९२४मध्ये, आपल्या बेळगावात. इतिहासाला ज्याची मुद्दाम दखल घ्यावी लागते, अशा प्रसंगाला, जागेला, निर्णयाला हा शब्द लावतात. ‘हिस्टॉरिकल’मध्ये हा मोठेपणा नाही. इतिहासाविषयीचं किंवा होऊन गेलेल्या काळातलं, एवढंच तो सांगतो. त्या वर्षीची एखाद्या किराणा दुकानाची जमाखर्चाची वही सापडली, तर ती ‘हिस्टॉरिकल डॉक्युमेंट’. मग तिच्यात तूरडाळीच्या भावापलीकडे काही नसलं तरी चालेल.

घोटाळा होतो तो आपल्या शब्दामुळे. मराठीत दोन्हींना ‘ऐतिहासिक’, आणि इथल्या कन्नडातही ‘ऐतिहासिक’च. त्यामुळे पाटी कुठल्याही भाषेतून इंग्रजीत न्या, चूक ठरलेली. इंग्रजी शब्द निवडण्याआधी ‘ऐतिहासिक’च्या जागी ‘इतिहासविषयक’ किंवा ‘इतिहासकालीन’ घालून बघा. बसला तर ‘हिस्टॉरिकल’. ‘इतिहासविषयक विजय’ लगेच खटकतं, म्हणून तिथे ‘हिस्टॉरिक’. ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’ म्हणजे इतिहासावर बेतलेली कादंबरी. ‘हिस्टॉरिक नॉव्हेल’ म्हटलंत, तर तिच्यामुळे साहित्याला नवं वळण लागलं असा अर्थ होईल.

माणसांच्या बाबतीत फरक फार सुंदर दिसतो. १८२४मध्ये कंपनी सरकारशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा ‘हिस्टॉरिक’ आहेच. पण ‘द हिस्टॉरिकल चन्नम्मा’ असं लिहिलं, की लोकगीतांतली चन्नम्मा बाजूला राहते आणि कागदपत्रांतून दिसणारी तेवढी उरते. एका ‘अल’नं केवढं काम केलं!

अपवाद आहेत. ‘महाराज गडावर येतात’ हा आपला ऐतिहासिक वर्तमानकाळ. त्याच्या इंग्रजी नावात दोन्ही रूपं चालतात. क्रियाविशेषण मात्र दोघांचं एकच, ‘हिस्टॉरिकली’. या शब्दांत जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, सुरुवातीचा ‘ह’ दबतो, म्हणून जुन्या पुस्तकांत आधी ‘ॲन’ दिसतं. तुम्ही ‘अ हिस्टॉरिक’ लिहा, आज तेच रूढ आहे.

आता विहीर. ती त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदली, म्हणून तीही ‘हिस्टॉरिक’. नुसतीच जुनी असती, तर ‘ओल्ड’ पुरे होतं.