वंचित समाजातील खेळाडू मुलीने गावच्या युवक मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारावे का?

प्रश्न असा आहे: "मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जंगलभागात असलेल्या धनगर गवळी वाड्यावरची मुलगी आहे. वय १९. तीन हजार मीटरच्या शर्यतीत जिल्हा पातळीवर पदक मिळाल्यापासून गावातील मंडळी मला युवक मंडळाची अध्यक्ष हो म्हणून आग्रह करीत आहेत. सराव सांभाळावा की ही जबाबदारी घ्यावी? आणि केवळ समारंभापुरते बोलावणारे लोक कसे ओळखावेत?"

तुमचा प्रश्न दोन दिवस माझ्या मनात घोळत होता, कारण वयाच्या सतराव्या वर्षी जवळजवळ हाच प्रश्न माझ्यासमोर आला होता आणि तेव्हा मी चुकीचा निर्णय घेतला होता. मी सिद्दी, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या वंशजांच्या, समाजातील असून तुमच्याच तालुक्यातील आहे. शाळा मराठी माध्यमाची, घरात कोकणी वळणाची बोली आणि बाजारात मराठी व कन्नड दोन्ही, अशा वातावरणात मी वाढले. आठशे मीटर ही माझी शर्यत होती. आता माझे स्वतःचे धावणे थांबले आहे. परंतु गेली दहा-अकरा वर्षे आमच्या गावातील आणि शेजारच्या दोन वाड्यांवरील मुलामुलींचा सकाळचा सराव मी घेते.

माझे स्पष्ट मत असे आहे की अध्यक्षपद तुम्ही आता घेऊ नये, मात्र जबाबदारी आजपासूनच घ्यावी. या दोन गोष्टी एकच आहेत असे मला त्या वयात वाटले होते.

शालेय स्पर्धांमध्ये राज्य पातळीवर पदक मिळवून मी परत आले, तेव्हा गावात बाजा लावून माझी मिरवणूक निघाली आणि पंधरा दिवसांच्या आत मी एका मंडळाची अध्यक्ष झाले. त्यानंतरच्या वर्षभरात माझ्या हातून झालेले काम म्हणजे दीपप्रज्वलन, बक्षीस वितरण आणि फलकांवर छापलेला माझा फोटो, एवढेच. आईने जपून ठेवलेल्या शाली पुढे एकदा मोजल्या, तर त्या सात निघाल्या. त्याच वर्षी माझ्या धावण्याच्या बुटाचा तळ अंगठ्यापाशी फाटला होता आणि आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून मी धावत होते. सत्काराला येणाऱ्यांपैकी कोणी माझ्या पायांकडे पाहिले नाही, हे खरे. पण मीही कोणाला ते सांगितले नाही, आणि ही चूक माझी होती. पुढच्या हंगामात मी अंतिम फेरीत पोहोचले नाही. फलकावरचा चेहरा बदलला, आणि मंडळात माझ्यामुळे आलेली एकही मुलगी नसल्यामुळे माझ्या जाण्याने तिथे काही अडले नाही.

खेळातून नेतृत्वाकडे जाण्याचा मार्ग आपल्या देशात नवा नाही. धारवाडला जन्मलेले क्रिकेटपटू पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातून खेळताना त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. ज्यांच्या बरोबर मैदानात खेळायचे, त्यांच्या पंगतीला मात्र बसता येत नाही, असा तो काळ होता. मुंबईत धर्मवार संघांमध्ये होणाऱ्या क्रिकेट स्पर्धेतील हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना शेवटपर्यंत मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. पुढे १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांमध्ये बाळू होते आणि १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले. त्या निवडणुकीतील त्यांच्या बाजूविषयी माझ्या मनातही प्रश्न आहेत. तरीही मला महत्त्वाचे वाटते ते हे की उमेदीची सर्व वर्षे त्यांनी गोलंदाजीला दिली, आणि समाजाचा अभिमान उभा राहिला तो आधी त्या गोलंदाजीवर. दुसरे नाव जयपालसिंह मुंडा यांचे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते, आदिवासी महासभेचे अध्यक्ष ते १९३९ मध्ये झाले, आणि संविधान सभेत आदिवासींची बाजू त्यांनी १९४६ च्या डिसेंबरमध्ये मांडली. ऑलिंपिक आणि महासभा यांच्यामध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे. तुमचे वय एकोणीस आहे, म्हणून हे अंतर मी मुद्दाम दाखवीत आहे.

आमच्या समाजाचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या एका विशेष योजनेत सिद्दी मुलामुलींची निवड करण्यात आली आणि कमला सिद्दी यांच्यासारख्या धावपटू त्यातून पुढे आल्या. १९९० च्या दशकात तो कार्यक्रम थांबला. त्या पिढीतील कित्येक जण गावी परतून शेतमजुरीला लागले. वरून आलेली योजना वरूनच थांबू शकते. ती थांबल्यावरही गावात मैदान आणि सराव घेणारे माणूस शिल्लक राहिले, तरच पुढची मुले धावतात, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आणि गावाकडेच काम करायचे ठरवले.

आमचे मैदान म्हणजे गावाच्या कडेचे गायरान आहे. सुरुवातीला मोजपट्टी नव्हती, म्हणून विहिरीचा दोर घेऊन शिंप्याच्या टेपने त्यावर खुणा केल्या. दोन्ही बाजूंना पन्नास मीटरच्या सरळ रेषा आणि दोन्ही टोकांना पंधरा मीटर नव्वद सेंटीमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे काढली की दोनशे मीटरची धावपट्टी तयार होते. मधोमध खुंटी ठोकून, दोर ताणून धरून एक मुलगा फिरत असे आणि मागून दुसरा चुलीतील राख सोडीत जात असे. आपल्या भागातील पावसात ती रेघ जूनपासून टिकत नाही, त्यामुळे गणपती झाल्यावर दरवर्षी ती नव्याने आखावी लागते. पहिल्या वर्षी चार मुले होती. त्यांतील एक मुलगी वळणावर नेहमी डावा हात पोटाशी धरून धावत असे. बरेच दिवसांनी समजले की फ्रॉकला मागे बटण नव्हते आणि ती तो हाताने सावरून धरीत होती. त्या दिवसापासून, नव्या मुलीची वेळ मोजण्याआधी तिच्या अंगावरचे कपडे, पायांतील चप्पल आणि सकाळी तिने काय खाल्ले हे मी विचारते.

तुमच्या वाड्यावर वेळेची अडचण वेगळी असेल. सकाळी म्हशींच्या धारा आणि दूध पोहोचविणे ही कामे बहुतेक मुलींवरच असतात. म्हणून सराव पहाटे ठेवण्याचा हट्ट धरू नये. धारा आटोपल्यानंतरचा अर्धा तास ठरवावा, आणि तो ठरविण्यापूर्वी प्रत्येक मुलीच्या आईशी तिच्या घरी जाऊन बोलावे. वडील परवानगी देतात, परंतु मुलगी रोज येते की नाही हे आईवर अवलंबून असते, असा माझा अनुभव आहे.

स्वतःच्या सरावाविषयी मात्र तडजोड करू नका. तीन हजार मीटर आणि त्याहून लांबच्या शर्यतींत धावपटूची चांगली वर्षे बहुधा विशीच्या मध्यात येतात, म्हणजे तुमची अजून यायची आहेत. आठवड्यातील वेगाचे दोन दिवस आणि लांब पल्ल्याचा एक दिवस पूर्णपणे स्वतःसाठी राखून ठेवा, आणि हलके धावण्याच्या दिवशी मुलांना बरोबर घ्या. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडील कित्येक मुली रक्त कमी असल्यामुळे मागे पडतात आणि आपल्यात दम नाही असे समजून धावणे सोडतात.

आता कागदांविषयी सविस्तर लिहिते, कारण लोक मला पुढारी म्हणू लागले ते पदकामुळे नव्हे, कागदांमुळे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश २००३ मध्ये झाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. माझी मामेबहीण उत्तर कन्नडमधील हल्याळ तालुक्यात आणि मी बेळगावमधील खानापुरात, मध्ये केवळ जिल्ह्याची हद्द. तिला जमातीचा दाखला मिळाला आणि त्याच्या आधारे तिचे वसतिगृह व शिष्यवृत्ती झाली. मला तो मिळत नव्हता, म्हणून माझे शिक्षण पीयूसीला (अकरावी-बारावीला) थांबले. २०२० मध्ये कायदा बदलल्यानंतर मी मैदानावरील चौदा मुलांच्या घरी जाऊन शाळेचे दाखले, रेशनकार्डे आणि पालकांची कागदपत्रे गोळा केली आणि जमातीच्या दाखल्यांसाठी सर्वांना घेऊन नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, गेले. एकाच्या दाखल्यात वडिलांचे नाव एका प्रकारे आणि रेशनकार्डात दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते, दुसऱ्याच्या दाखल्यात जातीचा रकाना कोरा होता. सात-आठ हेलपाटे झाले. जमातीचा शेवटचा दाखला हाती पडला त्या दिवशी एका मुलाच्या आजीने मला "अध्यक्षीणबाई" अशी हाक मारली. त्या वेळी माझ्याकडे कोणतेही पद नव्हते.

असे काम तुम्हालाही आजपासून करता येईल. ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यासाठी वय २१ लागते, पण अठरा वर्षे पूर्ण झालेली मतदार म्हणून तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य आहातच. ती वर्षातून किमान दोनदा भरली पाहिजे. तिथे बसा, बोला आणि बोललेले इतिवृत्तात लिहिले गेले की नाही हे पाहा. तुमचा वाडा जंगलात असल्यामुळे २००६ चा वनहक्क कायदा तर वाचायलाच हवा. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. जमातीत नसलेल्या पारंपरिक वननिवासींना त्याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हे पुरावे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आणि जुन्या पावत्यांत असतात, आणि ते वेळीच गोळा करणारे तरुण माणूस वाड्यावर असणे अत्यंत गरजेचे आहे. ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत असा नियम आहे. युवक मंडळाच्या अध्यक्षपदापेक्षा त्या समितीतील जागा तुम्ही मागून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यासाठी कन्नड लिहिता-वाचता येणे आवश्यक आहे. सीमाभागात हा विषय नाजूक आहे, तरीही तो टाळून चालणार नाही. मराठी ही माझी शाळेची आणि विचाराची भाषा आहे व ती तशीच राहील. परंतु ज्या भाषेत अर्ज भरला जातो आणि नकाराचे पत्र येते, ती भाषा वाचता न आल्यास आपली माणसे प्रत्येक वेळी मध्यस्थाच्या तोंडाकडे पाहत राहतात.

शेवटी, समारंभापुरते बोलावणाऱ्या लोकांविषयी. निवडणुकीच्या हंगामात सर्वच बाजूंची माणसे तुमच्याकडे येतील आणि पदक गळ्यात घालून या असे सांगतील. त्यांना ओळखण्याचा एक साधा उपाय मला उशिरा सापडला. निमंत्रण आले की मी नम्रपणे सांगते, "शाल व हार नको, त्या पैशांत मुलांसाठी चार जोड बूट द्या, आणि ते मैदानावर येऊन मुलांच्या हाती द्या." गेल्या काही वर्षांत असे नऊ जणांना सांगितले. सहा जणांचे निमंत्रण पुन्हा आले नाही. तिघे सकाळी मैदानावर आले, आणि त्यांतील एक निवृत्त शिक्षक आजही दर शनिवारी घड्याळ घेऊन वेळ नोंदवायला येतात.

दसरा क्रीडा स्पर्धांच्या तालुका फेरीला तुम्ही जाणार असाल, तर वाड्यावरील आणखी दोन मुलींची नावे आपल्याबरोबर द्या; त्या शेवटच्या आल्या तरी चालेल. आमच्याकडे चार नंबरचे स्पाइक्सचे दोन जोड सध्या वापराविना आहेत. कोणाच्या पायाला ते होतील असे वाटत असेल तर इथेच कळवा, मी त्या दिवशी मैदानावर घेऊन येईन.