मानवतावाद म्हणजे नास्तिकपणाच ना? आणि देवच नसेल तर चांगलं वागायचं तरी कशासाठी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. अमका नास्तिक आहे एवढ्यावरून तो वागायला कसा, हे कळत नाही. मी देव मानत नाही. आमच्या उद्यमनगरातला एक कारखानदारही मानत नाही, आणि कामगारांचे पगार थकवतो. त्याला मानवतावादी कोण म्हणेल?

बरं-वाईट ठरवायची जबाबदारी आपली, ती पोथीवर किंवा ग्रहांवर ढकलायची नाही. ठरवताना कुणाला काय सोसावं लागतंय ते बघायचं, पुरावा तपासायचा आणि चुकलं तर बदलायचं. मानवतावाद म्हणजे माझ्या मते एवढंच. माणुसकी मात्र वेगळी. हा फरक मला ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात कळला.

एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, आम्ही पाच-सहा जण वाटपाला होतो. बाहेरगावाहून टेम्पो भरभरून कपडे आले. जुन्या साड्या, एका पोत्यात तर लग्नातला सूट! एक मावशी म्हणाल्या, "दादा, साड्या ऱ्हाऊ देत. घरात गुडघाभर चिखल हाय, खराटा आन् फिनेल मिळतंय का बघा." मग आवाज बारीक करून, "पोरीला पॅड पायजेत." दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन खोली-खोलीत विचारत फिरलो आणि यादी करून माणूस बाजारात पाठवला. माणुसकी आदल्या दिवशीही टेम्पो भरून होतीच की. कमी होती ती वही.

तिथंच कुणीतरी म्हणालं, हा देवाचा कोप. वाद घालायची ती वेळ नव्हती. पण कोप म्हटलं की धरणाचं पाणी कधी सोडलं, पूररेषेत बांधकामं कशी झाली, २००५ च्या पुरातून काय शिकलो, हे विचारायचं राहूनच जातं. आता हेही सांगतो, जोतिबाला चालत जाणारा माझा मित्र त्या आठवड्यात माझ्यापेक्षा जास्त राबला.

हा विचार निव्वळ परदेशी आहे असं समजू नका. कम्युनिस्ट चळवळीतून बाहेर पडलेल्या मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ साली स्वतःचा पक्षच विसर्जित केला आणि नवमानवतावाद मांडला. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, म्हणजे वेदशास्त्र कोळून प्यायलेला माणूस, त्यांच्याच गोटातले. १९५२ साली ॲमस्टरडॅमला जगभरच्या मानवतावाद्यांचा संघ निघाला, त्याच्या संस्थापकांत भारतातले रॉयवादीही होते. आपल्या घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत, कलम ५१क मध्ये, 'मानवतावाद' हा शब्दच आहे; तो १९७६ च्या दुरुस्तीनं आला.

कोल्हापुरात मानवतावाद म्हटलं की लगेच शाहू महाराजांचं नाव येतं. जरा थांबा. महाराज श्रद्धाळू होते, वेदोक्ताचं भांडणच (राजघराण्याचे विधी वैदिक मंत्रांनी करायचे की नाही, हा वाद) मुळी मंत्रांच्या अधिकाराचं होतं. पण १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन घेतलेला चहा, हे समजायला देव असण्या-नसण्याचा निकाल लागावा लागत नाही.

राहिला 'कशासाठी'. समोरच्याला माझ्यासारखंच दुखतं, म्हणून. देवाच्या भीतीनं उधारी फेडणाऱ्याला मी तरी उधार देणार नाही.

आता एक कबुली. वडील गेले तेव्हा आईचा शब्द मोडवला नाही, म्हणून रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर सगळं रीतसर केलं. मित्रांनी ढोंगी म्हणून घेतलं. नैवेद्याला कावळा शिवेना. काका म्हणाले, "आईला सांभाळतो म्हणून शब्द दे." सगळे झाडाकडं बघत होते. मी आईकडं बघून शब्द दिला.