जँगोतला व्ह्यू म्हणजेच कंट्रोलर का? – उत्तर

म्हणजे तुझं म्हणणं असं की जँगोत (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) व्ह्यूच्या फाइलीतच डेटा काढायचा, फॉर्म तपासायचा, सगळं तिथेच, आणि रेल्सवाला (रेल्स म्हणजे रूबी भाषेतलं तसंच फ्रेमवर्क) मित्र म्हणतो अरे याला तर कंट्रोलर म्हणतात, मग इंटरव्ह्यूत एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर: डेटा, दिसणारा भाग आणि वापरणाऱ्याचं ऐकणारा भाग अशी कोडची वाटणी) विचारलं तर कुणाचं सांगायचं. भांडू नका, दोघंही बरोबर आहात. घोळ नावांचा आहे आणि बराच जुना आहे.

एमव्हीसी मुळात वेबसाठी नव्हतंच. ट्रिग्वे रीन्स्काउग नावाचा नॉर्वेचा माणूस १९७९ साली झेरॉक्स पार्क या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंगच्या भाषेवर काम करत होता, तेव्हाचं ते. त्या स्मॉलटॉकमध्ये कंट्रोलर म्हणजे माउस-कीबोर्डकडे कान लावून बसलेला, आणि मॉडेल बदललं की ते व्ह्यूला हाक मारणार, बाबा रे मी बदललोय, पुन्हा काढ. सगळं एकाच मशीनमध्ये, त्यामुळे हाक ऐकू जायची. साध्या वेबवर सर्व्हरला ब्राउझरला आपणहून हाक मारता येत नाही, रिक्वेस्ट आली की पान बनवून द्यायचं आणि विसरून जायचं. म्हणून रेल्सने २००४ मध्ये जे एमव्हीसी दिलं त्यात नाव तेच, पण मधली हाक गायब, आणि कंट्रोलर झाला रिक्वेस्ट हाताळणारा. जँगोवाले (हे कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलं, २००५ मध्ये बाहेर आलं) म्हणतात की कुठला डेटा दाखवायचा ते व्ह्यू ठरवतो, कसा दाखवायचा ते टेम्प्लेट, आणि कंट्रोलर म्हणजे यूआरएल बघून योग्य फंक्शनकडे पाठवणारं फ्रेमवर्कच. मला विचारशील तर बारसं जरा चुकलंच, पण निदान कारण तरी दिलंय.

गंमत म्हणजे ती हाक पुढे ब्राउझरमध्ये परत आली. रिअ‍ॅक्ट या फेसबुकवाल्यांनी बनवलेल्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत स्टेट (जवळचा डेटा) बदलली की कंपोनंट (पानाचा तुकडा) पुन्हा रेंडर होतो (काढला जातो), म्हणजे १९७९ च्या जास्त जवळ हेच, आणि तरी २०१४ मध्ये फ्लक्स ही डेटा एकाच दिशेने वाहू देणारी रचना मांडताना फेसबुकवाल्यांनी एमव्हीसीलाच नावं ठेवली होती!

पण नावं सोड, तू टाकलेल्या कोडमधली शेवटची ओळ बघून मला जास्त काळजी वाटली. हप्ता सेव्ह झाला की लगेच रेंडर करतोयस, म्हणजे त्याच उत्तरात पावतीचं पान देतोयस. मीही एका पतसंस्थेच्या ॲपमध्ये अगदी हेच केलं होतं. क्लार्कने हप्ता भरून घेतला, पावती स्क्रीनवर आली, त्याने सहज एफ५ दाबलं, ब्राउझरने विचारलं फॉर्म परत पाठवू का, तो म्हणाला हो (वाचतं कोण?), झाला हप्ता दोनदा जमा. संध्याकाळी रोकड जुळेना, आठ वाजेपर्यंत सगळे बसून, आणि फोन अर्थातच मला.

यावर जुना पॅटर्न आहे, पोस्ट-रीडायरेक्ट-गेट. पोस्ट (फॉर्म पाठवणारी रिक्वेस्ट) आली की सेव्ह कर आणि पान न देता पावतीच्या पत्त्यावर रीडायरेक्ट कर (वळव), ब्राउझर ती गेटने (नुसतं पान मागणाऱ्या रिक्वेस्टने) मागवेल, मग एफ५ शंभरदा दाबू दे, फक्त पावतीच परत येईल. मात्र सेव्हच्या बटणावर दोनदा टिचकी मारली तर हे वाचवत नाही, त्यासाठी पहिल्या क्लिकला बटण बंद कर आणि फॉर्मबरोबर एक युनिक नंबर पाठवून डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) लाव. नुसत्या बटणावर विसंबू नकोस.

तो रेंडर आजच बदल, इंटरव्ह्यूला अजून आठवडा आहे ना.