ताट वाजवलं की बघते ना, मग टेस्ट चुकली असेल का?

तान्ह्या बाळाच्या ऐकण्याच्या तपासणीवरून हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो, कधी आजीकडून कधी बाबांकडून, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग कमी, भीतीच जास्त असते. "मॅडम, दार आपटलं की दचकते, ताट वाजवलं की बघते, मग ते मशीन का म्हणतंय ऐकू येत नाही म्हणून?" एका कुटुंबाची गोष्ट सांगते म्हणजे उत्तर नीट कळेल. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

जुलैचे दिवस होते, पुण्याच्या धायरीहून पावसात रिक्षा करून आले होते तिघं, आई, बाबा आणि बाबांची आई. बाळ ११ आठवड्यांचं, मुलगी, आपण तिला चिऊ म्हणूया. फाईलमध्ये जन्माच्या दुसऱ्या दिवशीचा ओएईचा, म्हणजे ऐकण्याच्या पहिल्या टेस्टचा, कागद होता, दोन्ही कानांपुढे 'रेफर' लिहिलेलं. बाळंतपण झालं तिथे सांगितलं की कानात पाणी असेल, सहा महिन्यांनी बघू. यांनी ऐकलं, का नाही ऐकणार. पुढे अडीच महिन्यांच्या डोसला गेले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि आमच्याकडे पाठवलं.

मला याचा खरंच त्रास होतो. कानात पाणी असणं खोटं नाहीये, पहिल्या एक-दोन दिवसांत कितीतरी बाळांची टेस्ट कानातल्या पाण्यामुळे, मळामुळे रेफर येते आणि परत केली की पास होते. रेफर म्हणजे बहिरं असं अजिबात नाही, रेफर म्हणजे टेस्ट परत करा, एवढंच. पण मग ती काही आठवड्यांत परत करायची ना! जगभर १-३-६ असा हिशोब पाळतात, पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्याच्या आत पक्कं निदान, सहाव्याच्या आत उपचार सुरू. हजारातल्या १ ते ३ बाळांना जन्मतः कमी ऐकू येतं आणि त्यांच्यासाठी हे महिने फार मोलाचे असतात, कारण मेंदूतला ऐकण्याचा रस्ता आवाज मिळाला तरच तयार होतो.

तर आजींनी बसल्या बसल्या पिशवीतून स्टीलचं ताट आणि पळी काढली. घरूनच आणली होती. बाळाच्या मागे जाऊन खणकन वाजवलं, चिऊ दचकली, हात वर झाले. "बघा", आजी म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की आता मी बोलून दाखवावंच.

मी म्हणलं, आजी, तुमचं बरोबर आहे, तिला हे ऐकू येतंय.

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मग मी सांगितलं की इतक्या जवळून वाजवलेलं ताट ८० डेसिबलच्याही (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) वर जातं, आणि आपलं साधं बोलणं असतं ५० ते ६०. म्हणजे ताट ऐकू येणारं बाळ आईचं बोलणं ऐकतंच असं नाही. त्यातही 'आई' या शब्दातला 'आ' जड असतो, तो पोचतो, पण 'स', 'श' इतके बारीक असतात की ते आधी गळतात. शिवाय घरी आपण टाळी वाजवतो तेव्हा हाताची सावली हलते, वारा लागतो, दार आपटलं की पलंग हादरतो, बाळ त्यालाही बघतं. बाळ हसतं, हुंकार देतं म्हणून निर्धास्त राहू नका, अजिबात ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे काही महिने आवाज काढतात.

मग टेस्ट. ओएईमध्ये कानात मऊ बोंड बसवून बारीक आवाज सोडतात, आतला शंख, म्हणजे कॉक्लिया, चांगला असेल तर तो उलटा अगदी सूक्ष्म आवाज करतो आणि बोंडातला माईक तो पकडतो. हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं, तोवर कान स्वतः आवाज करतो हे फारसं कोणी मानायला तयार नव्हतं. चिऊची ओएई परत रेफर आली. कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का तेही बघितलं, नव्हतं. म्हणून पुढची टेस्ट, बेरा. बेरामध्ये कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज देतात आणि नसेतून मेंदूकडे संदेश जातोय का ते लाटांमध्ये दिसतं. सुई नाही, दुखत नाही, फक्त बाळ गाढ झोपलेलं हवं. पहिल्या वेळी चिऊ सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षातच झोपली आणि आमच्याकडे आल्यावर टक्क जागी, टेस्ट झालीच नाही. दुसऱ्या वेळी आजींनी रस्ताभर तिला गुदगुल्या करून जागं ठेवलं, आल्यावर पाजलं, चिऊ मांडीवरच झोपली. (एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलेलं, कावीळ फार वाढलेलं बाळ असेल तर ओएई पास आली तरी बेरा करून घ्याच, कधीकधी शंख चांगला असतो आणि नसेचं काम बिघडलेलं असतं.)

रिपोर्ट आला, उजवा कान ६० डेसिबल, डावा ६५, त्याहून हळू आवाज तिला पोचत नाही. म्हणजे ताट ऐकू येतं, बोलणं नाही. आजींचं ताट आणि आमचं मशीन दोघंही खरं सांगत होते.

बाबा लगेच कामाला लागले, कानाला लावायचं मशीन (श्रवणयंत्र) कुठलं, पैसे किती. आई मात्र तीन भेटींत एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि विचारलं की घरी चिऊशी काय बोलतेस. ती म्हणाली, "रेफर आल्यापासून बोलतच नाही मॅडम, ऐकूच येत नाही तर काय बोलू." नंतर खूप रडली. गरोदरपणी सर्दीची गोळी घेतली, ग्रहणात भाजी चिरली, असं काय काय मनात साठवलं होतं तिने. मी सांगितलं की ग्रहणाचा काही संबंध नाही, त्या गोळीचं डॉक्टरांना विचारू आणि मनातून काढून टाकू, आणि दहातली नऊ अशी मुलं नीट ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, दोघांकडून एकेक लपलेला जीन आला तरी होतं, घराण्यात कोणी नसलं तरी. आणि बोलणं आजपासून सुरू कर, मशीन यायची वाट बघू नकोस, कडेवर घेऊन कानापाशी बोल, तिथून तुझा आवाज तिला थोडातरी पोचेल. खरं सांगायचं तर अख्ख्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी या अबोल्याची वाटली होती, कारण टेस्टचा गोंधळ आठवड्यात सुटतो पण घर गप्प झालं की ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आजींचे प्रश्न वेगळे होते. मशीनची सवय लागेल का? आजी, चष्म्याची लागते तशी लागावी हीच इच्छा आहे. कान आणखी खराब होईल का? नाही, बेराच्या आकड्यांवरूनच आवाज बसवतात, किती मोठा जाऊ द्यायचा त्याला मर्यादा घालतात. चिऊचा मामा चार वर्षांचा झाल्यावर बोलला होता, मग? मामाचं ठीक झालं याचा आनंदच आहे, पण त्याचा बेरा कुणी केला नव्हता. ऑपरेशन? कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र, ज्यांना मशीनने पुरेसा फायदा होत नाही त्यांच्यासाठी असतं, चिऊला आत्ता ते लागत नाही, आणि ज्यांना लागतं त्यांनी खर्चाच्या धास्तीने गप्प बसू नये, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत त्यासाठी मदत आहे, जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेच्या, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या लोकांना विचारा.

चार महिन्यांची झाली तेव्हा मशीन बसलं. मोबाईलवर व्हिडिओ असतात ना, मशीन लावताच बाळ हसतं, बाबांनी कॅमेरा तयारच ठेवला होता. चिऊने दूध पिणं थांबवलं, डोळे मोठे केले, मग परत पिऊ लागली. बाबा जरा हिरमुसले. आमच्या ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, पिणं थांबवलं ना, तेच उत्तर आहे तिचं.

पुढचे दिवस कटकटीचे गेले हे लपवत नाही. या वयात कान भराभर वाढतो, दर महिन्या-दोन महिन्यांनी मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, नवा लागतो, सैल झाला की मशीन शिट्टी मारतं. चिऊ ते ओढून तोंडात घालायची, मग दोरीने कपड्याला अडकवलं. बॅटरीच्या झाकणाला लॉक असलेलंच मशीन घ्या, आणि बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता सरळ इमर्जन्सीत जा.

सकाळची तपासणी आजींनी स्वतःकडे घेतली. आधी स्टेथोक्लिपने, म्हणजे स्टेथोस्कोपसारख्या नळीने, स्वतः मशीन ऐकायचं, मग ते चिऊला लावून तिच्या मागे बसून आ, ई, ऊ, म, श, स असे सहा आवाज साध्या बोलण्याच्या पट्टीत काढायचे आणि कशाला थांबते, कशाला डोळे हलवते ते कॅलेंडरवर मांडायचं. मागच्या आठवड्यात सकाळी आठलाच फोन, "मॅडम, आज 'स'ला काहीच केलं नाही, काल केलं होतं. बॅटरी बदलून बघू का मोल्डमध्ये ओल धरलीये?" मागे आईचा आवाज येत होता, चिऊला काहीतरी सांगत होती, बहुतेक दुधावर साय आल्याचं. मी म्हणलं आधी मोल्ड पुसा, मग बॅटरी.