परसातला लाकडी गझेबो: लाकडाच्या आधी पाया

प्रश्न: चेंबूरला आमचा जुना बैठा बंगला असून मागच्या अंगणात साधारण ३० फूट बाय १८ फूट मोकळी जागा आहे. कुंपणालगत एक नारळ आणि एक आंबा आहे. तेथे सहा-आठ माणसे आरामात बसतील असा लाकडी गझेबो, म्हणजे चारही बाजूंनी उघडा छपराचा मांडव, उभारण्याचा विचार आहे. ऑनलाइन मिळणारा पाइनचा तयार संच घ्यावा, की सुताराकडून सागवानात करून घ्यावा? षटकोनी चांगला, की चौकोनी?
(एक वाचक, चेंबूर)

उत्तर: आपण लाकडाविषयी आणि आकाराविषयी विचारले आहे, पाया आणि छप्पर यांचा उल्लेख प्रश्नात नाही. मुंबईत मात्र गझेबोचे आयुष्य ठरते ते खांबाच्या तळाच्या वीतभर भागात आणि छपराच्या वळचणीला, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो.

मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेच्या नोंदींप्रमाणे वर्षाकाठी सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खांब जमिनीत गाडला, किंवा फरशीवर टेकवून त्याच्याभोवती सिमेंटची गोलाई केली, तर या काळात खांबाचे टोक एकदाही सुकत नाही. लाकूड पाणी शोषते ते मुख्यतः कापलेल्या टोकातून, बाजूच्या पृष्ठभागातून फार कमी. आपल्याकडचे गवंडी शोभेसाठी खांबाच्या बुडाशी जी सिमेंटची गोलाई करतात, तिच्यात आणि लाकडात वर्षभरात केसाएवढी फट पडते आणि तिच्यात पाणी साचून राहते. असा खांब गणेशोत्सवानंतर तपासून पाहावा. वरचा रंग शाबूत दिसतो, पण बुडाशी पेचकस टोचला की तो बोटभर आत जातो आणि बाहेर काढताना त्याच्या टोकाला ओला, काळपट भुगा चिकटून येतो. मी हे सागाच्या खांबातही पाहिले आहे. महागडे लाकूड चुकीच्या पायावर उभे केले तर ते स्वस्त लाकडापेक्षा चार-पाच वर्षे जास्त टिकेल, इतकाच काय तो फरक.

म्हणून प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा स्वतंत्र पाया घ्यावा, त्याचा माथा अंगणाच्या पातळीपेक्षा निदान चार इंच वर ठेवावा आणि माथ्याला चारही बाजूंनी किंचित उतार द्यावा. काँक्रीट ओले असतानाच त्यात बोल्ट बसवून त्यावर जाड पत्र्याची, गॅल्व्हनाइज केलेली बैठक घट्ट करावी. फॅब्रिकेटर तिला बेस प्लेट किंवा शू म्हणतात. लाकडाचे टोक काँक्रीटपासून दोन इंच अधांतरी राहील आणि बैठकीत पाणी साचू नये म्हणून तळाला भोक असेल, एवढे त्याला आवर्जून सांगावे.

पाया खोल घेण्याचे कारण गझेबोचे वजन नसून वारा हे आहे. चारही बाजूंनी उघड्या असलेल्या छपराखाली वारा शिरला की तो छप्पर वर उचलू पाहतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा येथे ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत नोंदले गेले होते. ताशी १०८ किलोमीटर वेग धरला, तर हवेचा दाब ढोबळमानाने दर चौरस मीटरला ५५ किलो येतो. १० फूट बाय १० फुटांच्या गझेबोला चहूकडून दोन-दोन फूट वळचण ठेवली, तर छप्पर १४ फूट बाय १४ फूट, म्हणजे सुमारे १८ चौरस मीटरचे होते आणि त्यावरचे ओढणे एक टनाच्या घरात जाते. संपूर्ण लाकडी सांगाडाही तेवढा भरत नाही. दीड फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल अशा काँक्रीटच्या एका पायाचे वजन मात्र पावणेचारशे किलोच्या आसपास होते, त्यामुळे असे चार पाये मिळून हा झोत पेलू शकतात. तयार संचासोबत येणारे वीतभर लांबीचे खुंटे आपल्या भिजलेल्या मातीत हा भार कसा धरणार, याचा विचार आपणच करावा. इमारतींच्या आराखड्यासाठी भारतीय मानकात मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. तेव्हा छप्पर याहून मोठे करायचे असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला अवश्य घ्यावा.

आता आकार. षटकोनी गझेबो देखणा दिसतो आणि जमिनीवर आखायलाही सोपा असतो, कारण षटकोनाची बाजू त्याच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतराएवढीच असते. एका दोरीने सगळे बिंदू मिळतात. अवघड असते ते छप्पर. सहा पाख्यांच्या सहा तिरक्या कडा, प्रत्येक कडेला तिरपे कापलेले पत्रे किंवा कौले, आणि प्रत्येक कापाजवळ गळतीची शक्यता. मंगलोरी कौले घालायची असतील तर चौकोनी गझेबो आणि चौपाखी छप्पर हेच माझ्या मते योग्य आहे. चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात आणि प्रत्येक कौल दोन-अडीच किलोचे असते, त्यामुळे खांब पाच इंची चौरस घ्यावेत आणि छपराचा उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा. हलके छप्पर असेल तर चार इंची खांब चालतात, पण मग पायाचे बोल्ट अधिक महत्त्वाचे ठरतात, कारण वाऱ्याला विरोध करायला कौलांचे वजन उरत नाही. दोन फुटांची वळचण आपल्याकडे चैन नाही, कारण जुलैचा पाऊस तिरपा येतो. शंभर मिलिमीटर पावसाच्या दिवशी या छपरावरून सुमारे १,८०० लिटर पाणी ओघळते. ते पागोळ्यांनी थेट खांबांच्या बुडाशी पडू नये म्हणून पन्हळ लावून झाडांकडे वळवावे.

लाकडाविषयी आपल्याला दोन्ही पर्याय खुले आहेत. साग टिकाऊ आहे तो त्याच्या गाभ्यामुळे. बाहेरच्या फिकट कड्याला वाळवी सागातही लागते, आणि लागवडीच्या कोवळ्या झाडांत हा फिकट भाग बराच असतो. रे रोड किंवा दारूखान्याच्या वखारीत गेल्यावर ओंडक्याच्या किंवा फळीच्या कापलेल्या टोकाकडे पाहावे. मधला सोनेरी-तपकिरी भाग आणि कडेचा पांढुरका भाग स्पष्ट वेगळे दिसतात. खांबांना केवळ गाभ्याचे लाकूड घ्यावे, वाशांना थोडी पांढरी कड आली तर चालेल. संचातला पाइन मुळात मऊ आणि वाळवीला आवडणारा असतो, म्हणून तो कारखान्यात दाबाखाली औषध मुरवलेला असेल तरच घ्यावा. वरून ब्रशने औषध लावलेला चालणार नाही. औषध आतवर मुरले आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि कापावे लागलेले प्रत्येक टोक पुन्हा औषधात बुडवावे. असा संच नीट पायावर उभा केला तर मला त्यात काही गैर वाटत नाही. आपले अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर पाइन घेऊन उरलेले पैसे पाया, पोलादी जोड आणि पन्हळीवर खर्च करावेत, असेच मी सुचवेन.

जुळणी करताना सगळे भाग आधी अंगणात मांडून यादीशी ताडून घ्यावेत. खांब उभे करून ओळंब्यात आणावेत, प्रत्येकाला दोन दिशांनी तात्पुरते टेकू द्यावेत आणि मगच वरच्या तुळया बसवाव्यात. १० फूट बाय १० फुटांचा चौकोन काटकोनात असल्याची खूण म्हणजे दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे १४ फूट पावणेदोन इंचांच्या जवळपास येणे. वासे समोरासमोरच्या जोडीने चढवावेत, एका बाजूने चढवत गेल्यास माथा एकीकडे कलतो. बोल्ट या टप्प्यापर्यंत हातानेच आवळलेले असावेत. सगळा सांगाडा गुण्यात (काटकोनात) आणि पाणसळीत (सपाट पातळीत) आल्याची खात्री झाल्यावर ते पान्याने घट्ट करावेत. खांब आणि तुळई यांच्या प्रत्येक कोनात दीड-दोन फुटांचा तिरका टेकू कायमचा ठेवावा. बरेच लोक डोक्याला लागतो म्हणून तो काढून टाकतात, आणि मग वाऱ्यात सगळा गझेबो डुलू लागतो. पहिल्या वर्षी लाकूड आकसते, म्हणून पुढच्या मे महिन्यात सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. गझेबोत बसण्याच्या जागेला लाकडी फळ्या घालणार असाल तर हंगाम पाहावा: मे महिन्यात कोरड्या फळ्या ठोकताना मध्ये सहा मिलिमीटर फट ठेवावी, म्हणजे पावसात फुगल्यावर त्या एकमेकींना उचलणार नाहीत.

जागा निवडताना नारळाच्या घेराबाहेर राहावे. पडणारे नारळ आणि झावळ्या कौले फोडतात. आंब्याची मोठी मुळे पायाच्या खड्ड्यात आली तर ती तोडू नयेत, खड्डा सरकवावा. झाड तोडण्याचा विचार असेल तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. काम सुरू करण्याआधी वॉर्ड कार्यालयातील इमारत व कारखाने विभागात जाऊन आराखडा दाखवावा, कारण कायमच्या पायावरचे छप्पर हे बांधकाम ठरू शकते आणि विनापरवाना बांधकामावर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५१ खाली नोटीस येते. प्लॉट सोसायटीचा असेल तर तिचीही लेखी संमती घ्यावी.

प्रश्न: गिरगावातील आमच्या जुन्या घराचा पुनर्विकास होत असून त्यातून निघालेल्या बर्मा सागाच्या काही तुळया आम्हाला मिळाल्या आहेत. मुलुंडच्या बंगल्यामागे त्यांचा गझेबो करता येईल का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर: अवश्य करावा. आपल्याजवळ आहे तसे लाकूड आज वखारीत सहजासहजी मिळत नाही. दशकानुदशके छपराखाली वाळलेली ही तुळई आता फारशी आकसत किंवा पिळवटत नाही, आणि घरातले लाकूड घरात राहिल्याचा आनंद असतो तो निराळाच.

तुळयांची जी टोके भिंतीत होती, ती मात्र विश्वासार्ह नसतात. चुन्याच्या भिंतीत ओल धरलेली असते आणि वाळवीही तेथूनच शिरते. दोन्ही टोकांवर हातोडीने हलके ठोकत मध्याकडे यावे. टणक लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ भागाचा बोदा येतो. आवाज बदलतो तेथून पुढे आणखी अर्धा फूट कापून टाकण्याचे धाडस करावे, लांबी गेल्याचे दुःख करू नये. त्यानंतर जुने खिळे काढावेत. कित्येक खिळे डोके तुटून आत राहिलेले असतात, म्हणून सुताराला रंधा किंवा यांत्रिक करवत लावू देण्याआधी लोहचुंबक किंवा धातुशोधक सगळीकडे फिरवावा. रुतलेल्या खिळ्याने पाते तुटते आणि माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

जुन्या तुळया बहुधा खांबांसाठी गरजेपेक्षा जाड असतात. त्या चिरून बारीक करण्याचा मोह टाळावा आणि गझेबोचा आराखडाच तुळयांच्या मापावर बेतावा. खांब आणि तुळई यांचा सांधा कुसू (एका लाकडाचे बारीक केलेले टोक) दुसऱ्याच्या भोकात बसवून, वर लाकडी खुंटी मारून करणारा सुतार मिळाला तर त्यालाच काम द्यावे, मजुरी जास्त पडली तरी. तरीही छप्पर उचलले जाऊ नये म्हणून प्रत्येक सांध्याला आतून एक पोलादी पट्टी हवीच. खांबांचे पाय वर चेंबूरच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणेच काँक्रीटपासून अधांतरी ठेवावेत.

प्रश्न: मढला समुद्राजवळ आमचा लाकडी गझेबो आहे. दोन पावसाळ्यांतच स्क्रूंभोवती काळे ओघळ आले आणि पॉलिश सोलून निघाले. पावसाळ्यात तो ताडपत्रीने गुंडाळून ठेवावा का? खांबांना काळे ऑइल लावण्याचा सल्लाही मिळाला आहे.
(एक वाचिका, मढ)

उत्तर: गुंडाळू नये. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते आणि बुरशी उघड्या लाकडापेक्षा लवकर येते. पावसाची दिशा असलेल्या बाजूला, खालून वारा खेळेल असा बांबूचा किंवा कापडी पडदा सोडावा.

काळे ओघळ लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने येतात, आणि खाऱ्या हवेत ही क्रिया वेगाने होते. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलचे ३१६ प्रतीचे स्क्रू आणि बोल्ट वापरावेत. ३०४ प्रत समुद्रापासून दूर चालते, पण खाऱ्या वाऱ्यात तिच्यावरही तपकिरी ठिपके येतात. एकावेळी एकच स्क्रू काढून बदलावा आणि जुन्या भोकात लाकूडरक्षक औषध ओतून ते सुकल्यावर नवा बसवावा.

घरातल्या फर्निचरचे पॉलिश बाहेर टिकत नाही. त्याचा थर ऊन आणि ओल यांनी तडकतो आणि तडकलेल्या थराखाली पाणी अडकते. ते सगळे घासून काढावे आणि लाकडात मुरणारे, अतिनील किरणांना रोखणारे, बाहेरच्या वापराचे तेल लावावे. कच्चे जवसाचे तेल लावू नये, कारण ते उशिरा वाळते आणि आपल्या हवेत त्यावर बुरशी चढते. काळे ऑइल, म्हणजे गाडीचे वापरलेले इंजिन ऑइल, तर मुळीच नको: कपड्यांना लागते, वास जात नाही आणि पावसाबरोबर जमिनीत उतरते. तेल लावण्याची वेळ पाऊस जाऊन लाकूड पुरते सुकल्यावर, साधारण डिसेंबरात; मे महिन्यात फक्त कापलेली टोके आणि खांबांचे बूड यांवर आणखी एक हात द्यावा.

प्रश्न: दादरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर छोटा लाकडी गझेबो बसवता येईल का?
(एक वाचक, दादर)

उत्तर: गच्ची सामाईक असेल तर सोसायटीच्या आणि महापालिकेच्या परवानगीशिवाय नाही. परवानगी मिळाली तरी खांब बोल्टने स्लॅबमध्ये रोवल्यास वॉटरप्रूफिंग फुटते, आणि न रोवल्यास उंचीवरच्या वाऱ्यात गझेबो सुरक्षित राहत नाही. वजनाचे काँक्रीटचे ठोकळे ठेवून तो उभा करता येतो, पण तेवढा भार जुना स्लॅब पेलेल का, हे इंजिनिअरने प्रत्यक्ष तपासून लिहून दिल्यावरच पुढे जावे.